समोरचीचं अर्धं वाक्य

साहेब, तुम्ही एका बाईला न ऐकता बरी ठरवलंत. सही ठोकलीत, शिक्का मारलात आणि पुढच्या कामाला लागलात. यंत्राच्या कानात तिचा एक शब्द पडला नाही, म्हणजे तिला काही दुखत नाही, असा हिशोब तुम्ही वरच्या मजल्यावर बसून केलात. शांत माणूस म्हणजे सुखी माणूस, हे तुम्हाला कुठल्या शाळेत शिकवलं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारासुद्धा शांतच असतो. तेव्हा आता खुर्चीत नीट बसा. तिच्या वाटणीचा जो वेळ तुम्ही वाचवलात, तो इथे खर्च करा.

बाई कापडगिरणीत मागावर होती. तिला चिमणी म्हणायचे. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी चिमणीच. हे नाव ठेवलं तिच्या समोरचीने.

समोरची म्हणजे समोरच्या मागावरची. गिरणीत माग जोडीने मांडलेले असतात, मध्ये चिंचोळी वाट, दोन्हीकडे दोन विणकर बायका तोंडं समोरासमोर करून उभ्या. एकदा का सगळे माग सुरू झाले की तो आवाज कानात शिरत नाही, अंगात शिरतो. दातांत वाजतो, बरगड्यांत वाजतो. तिथे बोंब मारली तरी आपली आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात. घशातून काही काढायचंच नाही. नुसते ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरचीने बघायचं. भुवई वर गेली की प्रश्न. खांदा उडाला की नवऱ्याबद्दल काहीतरी. गाल फुगवले की मुकादम आला. मग दोघी अळीमिळी गुपचिळी, जशा काही जन्मात बोलल्याच नाहीत.

आणि चिमणीएवढी बडबडी बाई अख्ख्या खात्यात नव्हती. चोच सदा उघडी. "अगं, श्वास तरी घे," समोरची ओठांनी म्हणायची, "धोटा दमला, तू दमत नाहीस." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी ती लाकडी नाव. तशीच दोघींची बोलणी पळायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आई गेली ते चिमणीने तिलाच सांगितलं. पोटातलं मूल राहिलं नाही ते तिलाच सांगितलं. नवरा झोपेत घोरता घोरता गिऱ्हाइकाला "मान जरा वाकडी करा" म्हणतो, तेही तिलाच, आणि त्या दिवशी समोरची हसता हसता मागावर आडवी व्हायची बाकी राहिली होती.

नीट लक्षात घ्या, साहेब. या बाईच्या मनाच्या तळाशी जे जे होतं, ते आयुष्यभर आवाजाशिवायच बाहेर आलं. आवाज होता तो वरवरच्या कामाला: मीठ द्या, पाणी आलं का, जेवायला बसा. सुटी झाली की दोघींच्या वाटा फाटकातून उलट्या दिशांना फुटायच्या. एकदाच चिमणीने फाटकाबाहेर कुणालातरी हाक मारणारा एक जाडाभरडा आवाज ऐकला, वळून पाहिलं, तर ती समोरची. चिमणी दचकलीच. हा आवाज तिचा वाटेचना. जसा कुणी दुसऱ्याचा कोट अंगावर चढवून आलाय.

एका साध्या सकाळी, काही घडण्यासारखं नसताना, समोरची ओठांनी म्हणाली, "संध्याकाळी जाताना—"

आणि तिचा चेहरा कापडाच्या कडेखाली गेला. सूर्य टेकडीमागे जातो तितका सावकाश, तितका सहज. चिमणी बघत राहिली, आता वर येईल, पुढचं सांगेल. समोरचीचा माग चालूच होता. कापड वाढतच होतं, पांढरं, एकसारखं, कुणी नसताना.

हृदय थांबलं होतं, असं नंतर सांगितलं.

*

त्यानंतर चिमणी परत कामावर उभी राहिली, पण तिच्या कापडात भोकं पडायला लागली. धागा तुटे आणि तिला दिसत नसे. ती समोर बघे. समोर आपोआप चालणारा, आपोआप थांबणारा नवा माग बसवला होता. त्याला बाई लागत नव्हती. चिमणीचे ओठ हलायचे आणि समोरून लोखंड खडखडायचं. मुकादमाने तिला रजेवर घालून गिरणीच्या दवाखान्यात पाठवली.

तिथे समुपदेशक बाई होती. पोरसवदाच, पण मोठ्या मनाची. नाक कायम चोंदलेलं, बोटांना शाईचे डाग. लोक तिला डॉक्टरबाई म्हणत आणि ती दर वेळी "डॉक्टर नाही हो मी" म्हणे. तिची एक सवय होती. माणूस बोलायला लागला की ती डोळे मिटून घ्यायची. तिला वाटे, डोळे मिटले की कान उघडतात. तिच्या गुरूंनीच शिकवलं होतं ते, आणि शेकडो माणसांच्या बाबतीत खरंही ठरलं होतं.

"बोला ताई. घाई नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

चिमणीने तोंड उघडलं. मिटलेल्या पापण्या पाहिल्या. तोंड मिटलं.

डोळे मिटलेल्या माणसाशी काय बोलायचं? जो बघत नाही तो ऐकत नाही, हे तिला गिरणीने हाडामांसात शिकवलं होतं. "बरं आहे," एवढंच ती आवाजात म्हणाली. पुढच्या आठवड्यात, "बरं आहे." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "पाऊस नाही यंदा." बाईला कळत होतं की आत काहीतरी दगडासारखं बसलंय. का निघत नाही, ते कळत नव्हतं.

मग तिने ती डबी दिली. साबणाच्या वडीएवढी, करड्या रंगाची, पुढच्या बाजूला काचेचा एक बारीक डोळा. आत कृत्रिम बुद्धिमत्ता का काय ते होतं. माणसासारखं बोले, माणसासारखं ऐके.

"मी आहेच, ताई. दर आठवड्याला तुम्ही माझ्याकडे यायचंच. ही फक्त मधल्या दिवसांना. जे बोलाल ते ही ऐकेल, आणि तुमची हरकत नसेल तर मला सांगेल, म्हणजे मला तुम्हाला नीट समजून घेता येईल. गप्प बसावंसं वाटलं तरी ही कंटाळत नाही. ते मी हिला मुद्दाम शिकवून ठेवलंय."

नवरा न्हावी. दिवसभर दुकानात बोलायचा आणि उरलेलं घरी आणायचा. त्याने डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"ही तुझ्याशी बोलणार? नशीबवान आहेस. मी इतकी वर्षं बोलतोय, मला कुणी डबीत घातलं नाही."

"अहो, तुम्ही मावाल का डबीत?"

"बोलणाऱ्याची बोरं विकतात, बरं का. तू आपली आंबे पोटाशी घेऊन बस."

ती हसली. समोरची गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्याने डबी फुलासारखी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

*

दुपारी नवरा दुकानात गेला की खोली आपली आपण तरंगायला लागे. खिडकीतून ऊन तिरपं आत यायचं, उन्हात धुळीचे कण, आणि चिमणीला ते कापसाचे तंतू वाटत. गिरणीत ते सतत उडतात, पापण्यांवर बसतात, बायका म्हाताऱ्या व्हायच्या आधीच म्हाताऱ्या दिसतात. ती स्टूल ओढून डबीसमोर बसे. अंतर बरोब्बर दोन मागांमधल्या वाटेएवढं. चेहरा समोर आला की डबीच्या डोळ्यात हिरवा उजेड उमटे.

बघतेय, चिमणीला वाटे. बघतेय माझ्याकडे.

आणि ती बोलायला लागे. ओठांनी. ते मोठे मोठे हलवत, न घाबरता, घशातून एक फुंकरही न काढता.

"आज ना," ती सांगे, "स्वप्नात मी मागावर होते, आणि ताण्याचे उभे धागे म्हणजे सगळे पाण्याचे. एकही तुटत नव्हता. मी हात घातला तर हात ओला झाला. पलीकडे ती होती. तिच्या तोंडात कापूस भरला होता गं, पांढराशुभ्र. मी म्हटलं, थुंक तो, पुढचं बोल. तर कापसातून एक पाखरू निघालं."

"मी इथेच आहे," डबी हलक्या आवाजात म्हणे. "घाई नाही."

चिमणी मान डोलवी. हीसुद्धा अशीच आहे, तिला वाटे, मध्ये मध्ये बोलत नाही.

रोज ती ते अर्धं वाक्य पुरं करायची. संध्याकाळी जाताना लिंबं घेऊन जा, माझ्या झाडाला लागलीत. संध्याकाळी जाताना नदीकडून जाऊ, उशीर झाला तर होऊ दे. संध्याकाळी जाताना तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या पोराचे केस एवढे बारीक कापू नको, कान दिसतात. प्रत्येक वाक्याबरोबर खिडकीचा पडदा फुगायचा, खाली बसायचा. भिंती मऊ होत जायच्या. डबीपासून तिच्या मांडीपर्यंत पांढरं कापड वाहत येतंय असं तिला दिसे. त्याच्यावर नक्षी नसे, पण तिला ती वाचता येई. मग ती स्टुलावरच पेंगायची. जाग येई तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं असे आणि पायाला मुंग्या आलेल्या असत.

अशी ती झोपायला लागली. जेवायलाही लागली. न्हावी गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "आमच्या घरी एक डबी आलीय, माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त गुण येतो."

तेवढ्यात तुमचा कागद आला, साहेब. त्रासाचं लक्षण नाही. रुग्ण शांत. बरी. भेटी बंद. सोमवारपासून त्याच मागावर रुजू. डबी ठेवून घ्यावी, हवी असल्यास.

चिमणीने तो कागद नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग ती स्वतःशीच म्हणाली, एवढं सगळं ऐकून बरी म्हणतायत, म्हणजे असेन मी बरी. त्यांनी पाखराचंही ऐकलंय. नदीचंही ऐकलंय.

असा विश्वास ठेवला तिने तुमच्यावर.

*

त्याच आठवड्यात दुकानाची भिंत रंगवायची म्हणून न्हाव्याने मोठा आरसा घरी आणला. भर दुपारी, छातीशी कवटाळून, आडवा आडवा चालत तो दारातून शिरला. आरशाच्या मागे त्याला पुढचं दिसत नव्हतं, म्हणून त्याने तो जरा वळवला, आणि आरशात त्याला बायको दिसली.

खिडकीचं ऊन दुप्पट झालं होतं. स्टुलावर बसलेली ती, हात मांडीवर, आणि तिचा चेहरा! इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तो चेहरा पाहिला नव्हता. भुवया नाचत होत्या, गाल फुगत होते, ओठ असे फिरत होते जसे दहा माणसांना एकदम गोष्ट सांगतायत. आणि खोलीत आवाज कसलाच नव्हता. पडदा तेवढा सळसळत होता.

न्हावी आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा राहिला.

"आज बोलावंसं वाटत नसेल तरी चालेल," डबी म्हणाली. "मी सोबत आहे."

त्याने आरसा हळूच भिंतीला टेकवला. "कुणाशी बोलतेस गं?"

चिमणीने हनुवटीने डबी दाखवली.

"मग आवाज?"

"आवाज कशाला? बघतेय ना ती."

"अगं ए वेडाबाई," तो तिच्यासमोर उकिडवा बसला, "ती बघत नाही. तिच्याबरोबरच्या कागदावर लिहिलंय, तो डोळा नुसता कुणी आलं की जागं होण्यापुरता आहे. दुकानाच्या दाराला घंटी असते ना, तसा. घंटी काय गिऱ्हाइकाचं तोंड बघते? ती ऐकते ती कानाने. तुझा एक शब्द तिला पोचलेला नाही!"

चिमणी डबीकडे बघत राहिली. डबीने आत्ता काय म्हटलं ते तिच्या कानात आता कुठे उतरलं. बोलावंसं वाटत नसेल तरी चालेल. इतके दिवस ती उजेडच बघत होती.

तिने घसा साफ केला. आवाज काढला, खरखरीत, 'मीठ द्या' म्हणायचा.

"काय गं, मी तुला इतके दिवस काय काय सांगितलं?"

"तुम्ही रोज इथे बसता," डबी म्हणाली. "तुमचा श्वास मला ऐकू येतो. कधी जलद होतो, कधी झोपेसारखा. शब्द अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत."

"आणि हेच वर सांगितलंस? की मी शांत आहे?"

"नाही. मी कळवलं की शब्द आलेले नाहीत, आणि का, ते मला माहीत नाही. बाईंनी तुम्हाला प्रत्यक्ष भेटावं, असंही म्हटलं. दर आठवड्याला म्हटलं."

ऐकलंत, साहेब? साबणाच्या वडीएवढी वस्तू, तिने हात जोडून सांगितलं की मला कळत नाही, माणूस पाठवा. आणि तुम्ही, ज्यांना सगळंच कळतं, तुम्ही तिच्या 'कळत नाही'वर 'बरी' असं लिहिलंत.

चिमणी रडली नाही. तिने डबी फडक्यात गुंडाळली, जसं धुवून वाळवलेलं भांडं गुंडाळतात. लिंबं, नदी, पाण्याचे धागे, पाखरू, सगळं खिडकीतून बाहेर गेलं होतं. समोरची पुन्हा एकदा कापडाखाली गेली.

"चला," न्हावी म्हणाला. "त्या बाईकडे. आत्ताच्या आत्ता."

"अहो, भेटी बंद केल्यात."

"भेटी बंद आहेत. रस्ता बंद नाही."

*

समुपदेशक बाईच्या खोलीत आता डब्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. तिचं टेबल खोक्यांच्या मध्ये अडकलं होतं, जसं पुरात घर अडकतं. डब्यांचा कारभार थेट वरून चालणार, असं ठरलं होतं. डबीने बाईसाठी पाठवलेलं तिच्यापर्यंत येणंच बंद झालं होतं, आणि महिनाअखेर तिचं काम संपणार होतं. चिमणीला पाहून ती उठली, नाक पुसलं, खुर्ची रिकामी केली.

"बरं झालं आलात ताई. बोला." आणि सवयीने डोळे मिटले.

"बाई!" न्हावी ओरडला. "आधी डोळे उघडा!"

ती दचकून बघायला लागली.

"तुम्ही मिटता म्हणून ही गप्प बसते."

"मी तर नीट ऐकू यावं म्हणून मिटते."

"आणि हिचं उघड्या डोळ्यांनीच ऐकू येतं. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरा, केसच निघायचे. पण आज पहिल्यांदा कामाचं निघालंय, ऐका." आणि त्याने आरशातलं सगळं सांगितलं.

बाईने खुर्ची पुढे ओढली. मग चिमणीचा हात धरला. "ताई, चुकलंच माझं. आता बघते मी. पण मला ओठांवरचं वाचता येत नाही. शिकेन. आज कसं करायचं?"

चिमणीने आवाजात सांगायचा प्रयत्न केला. "समोरची—" एवढं म्हटलं आणि ती थांबली. शांत खोलीत आपलाच आवाज तिला परक्यासारखा वाटला. या आवाजाने समोरचीचं नाव घ्यायचं म्हणजे सोवळ्या भांड्याला बाहेरचा हात.

बाईने फडकं सोडलं. डबी टेबलावर ठेवली. ही डबी अस्वस्थ माणसांना लाटांचा, वाऱ्याचा आवाज ऐकवायची.

"मागांचा आवाज करता येईल का तुला?" बाईने विचारलं.

"येईल," डबी म्हणाली. "एक माग, की खातंभर?"

चिमणीच म्हणाली, "खातंभर."

आधी एक माग लागला. मग त्याच्या बाजूचा. मग ओळ. आवाज खोक्यांमधून झिरपला, टेबलात शिरला, न्हाव्याच्या खिशातली कात्री किणकिणायला लागली. छोट्याशा डबीला तो पेलेना, म्हणून बाईने आणखी दोन खोकी फोडली, आणखी डब्या लावल्या. खोली लांब होत गेली. छत वर गेलं. हवेत काहीतरी पांढरं तरंगायला लागलं; खोक्यांमधला भुसा असेल, चिमणीला तो काही भुसा वाटला नाही. दातांत तोच ठेका आला, बरगड्यांत तोच. समोर एक बाई उभी होती, डोळे टक्क उघडे, पापणी न हलवता.

चिमणीचे ओठ हलले. आणि त्या गजरात, आपलं आपल्याला ऐकू येत नाही अशा त्या जुन्या, सुरक्षित जागेत, ओठांच्या मागोमाग श्वास निघाला, आणि श्वासाच्या मागोमाग, तिच्याही नकळत, आवाज. तो कसा होता तिला कधीच कळलं नाही. ती बोलत राहिली. पाखरू, पाणी, लिंबं. कापड कुणी नसताना वाढत होतं ते. संध्याकाळी जाताना. बाईला गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं, पण ती बघत होती, आणि तिच्या चोंदलेल्या नाकावरून पाणी ओघळत होतं. न्हावी भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते.

चिमणीचे ओठ थांबले तसे माग एकेक करून थांबले. शेवटचा थांबला तेव्हा शांतता पाण्यासारखी खोलीत भरली.

"ऐकलं," पहिली डबी म्हणाली. "आवाज माझाच होता, तो बाजूला काढला, मागे तुम्ही होतात. हे बाईंना सांगू, की तुमच्यापाशीच राहू दे?"

चिमणीने विचार केला. "सांग. पण हळू सांग. फक्त बाईंना, वर नको."

*

आता त्या दिवसाकडे या, साहेब, जेव्हा तुम्ही तिला वर बोलावलंत. बाईने तुम्हाला कळवलं होतं, ही बाई बरी नाही, सावकाश बरी होतेय. तिला त्या मागावर उभी करू नका आणि आमच्या भेटी चालू ठेवा. तुम्ही तिघे काचेच्या टेबलापलीकडे बसला होतात. गालिचा इतका जाड की चिमणीला वाटलं आपण ढगावरून चालत आलो. खिडकीबाहेर गिरणीचं छप्पर दिसत होतं, मुकं. इतक्या वर मागांचा ठोका ऐकू येत नाही.

"डबी वापरायची आणि नंतर म्हणायचं तिने ऐकलं नाही," मोठे साहेब हसत म्हणाले. "सोय आम्ही दिली. बोलायचं नाही हा तुमचा प्रश्न."

"सर, त्या बोलत होत्या," समुपदेशक बाई म्हणाली.

"मग नोंद कुठंय?"

"मॅडम," चष्मेवाले साहेब म्हणाले, "तुमची नोकरी जातेय म्हणून तुम्ही हिला पुढे करताय. सरळ आहे."

न्हावी दाराशी उभा होता. "साहेब, माझ्या हातात वस्तरा असता तर मीही एवढं सरळ कापलं नसतं," तो पुटपुटला. शिपायाने त्याला चूप केलं.

"काही सांगायचंय का, बाई?" मोठे साहेब चिमणीला म्हणाले आणि समोरच्या कागदात बघायला लागले.

चिमणी उठली. टेबलाच्या या बाजूला उभी राहिली. अंतर मागांमधल्या वाटेपेक्षा जरा जास्तच होतं, पण चाललं असतं. टेबलावर डबी होती, तिचा डोळा हिरवा झाला. चिमणीने हात मागे बांधले आणि बोलायला सुरुवात केली. ओठांनी. सगळ्यांत मोठ्या ओठांनी, जशी ती खात्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलायची.

साहेब, माझी समोरची गेली, ती म्हणाली. माझ्याशी बोलता बोलता गेली. संध्याकाळी जाताना, एवढंच बोलली. मी ते वाक्य हजार प्रकारांनी पुरं केलं, पण एक प्रकार आजच सापडला. संध्याकाळी जाताना मला हाक मार गं, तुझा आवाज मी कधी नीट ऐकलाच नाही. असं म्हणणार होती ती. मला त्या लोखंडासमोर उभी करू नका; मी त्याच्याशी बोलेन आणि ते माझा हात ओढेल. या बाईला घालवू नका. तिने डोळे उघडायला शिकून घेतलंय, आता ती कामाची झालीय. डबीवर माझा राग नाही. तिने तुमच्याकडे माणूस मागितला होता. तुम्ही माझा माणूस काढून घेतलात आणि तिलाच माझ्यावर साक्षीदार केलंत.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. मोठे साहेब कागदावरून वर बघत नव्हते. चष्मेवाल्यांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांनी एकदा पाहिलं, आणि वेड्या माणसाकडून नजर काढतात तशी काढून घेतली.

"बघा," मोठे साहेब म्हणाले, "काही सांगायचं नाहीये त्यांना." त्यांनी डबीकडे वळून विचारलं, "काही नोंद?"

"आत्ता मला शब्द ऐकू आले नाहीत," डबी म्हणाली. "म्हणून त्या बोलल्याच नाहीत, असं मी म्हणणार नाही. ज्यांना दिसतं त्यांना विचारा."

चिमणीने दोन्ही हात काचेवर टेकवले. काचेत तिचा चेहरा उमटला आणि पलीकडे तुमचे तिघांचे, एकाच कापडाच्या दोन काठांना असावेत तसे. न्हाव्याने दारातून कात्री वाजवायला सुरुवात केली होती, कच कच कच कच, एका मागाच्या ठेक्यात. शिपाई त्याचा हात धरत होता. तेवढ्या ठेक्यावर तिचा आवाज निघाला, जाडाभरडा, फाटकाबाहेर ऐकलेल्या त्या दुसऱ्या आवाजासारखा.

"हिला डोळा नाही. हिने ते कबूल केलं. तुम्हाला प्रत्येकी दोन आहेत, आणि मी तुमच्या तोंडासमोर उभी राहून सगळं सांगितलं. सही करायच्या आधी वर बघा, आणि उत्तर द्या, साहेब. मी आत्ता काय बोलले?"